वल्ह्याची होडी

मी जालन्याच्या मस्तगडचा. पण वल्हं हातात आलं ते मामांमुळे, अंबड तालुक्यात शहागडला, गोदावरीवर. पहाटे जाळी काढायची, पलीकडे माणसं सोडायची, येताना चाऱ्याचे भारे आणायचे. सगळा भार त्या एका होडीवर. वल्हं म्हणजे तरफच. होडीच्या काठावरच्या दोरीच्या फासात ते टेकतं. मूठ ओढली की पातं पाणी मागे लोटतं, होडी पुढे सरकते. एकाच बाजूचं ओढलं की ती दुसरीकडे वळते.

"हातानं नाही रे, पाठीनं ओढ," मामा सांगायचे. पातं अलगद उचललं तर मासा बुजत नाही. फास करकरू नये म्हणून ते त्याला गोडेतेल चोळत. त्या वासानं मला अजून नदी आठवते.