लोखंडी खोलीत राहायला जाण्यापूर्वी

अकोला-हिंगोली-नांदेड रस्त्याचे चौपदरीकरण सुरू होते, त्या काळात ठिकठिकाणी रस्त्याच्या कडेला लोखंडी कंटेनर येऊन बसले. कोणात ठेकेदाराचे कार्यालय, कोणात सिमेंट-लोखंडाची कोठी, तर कोणात मजुरांचा मुक्काम. तेव्हापासून आपल्याकडच्या लोकांच्या मनात कंटेनर भरला आहे. शेतात राखणदाराला खोली हवी, रस्त्याला लागून चहाचे हॉटेल काढायचे, मुलांना अभ्यासाला वेगळी जागा हवी, की 'एक जुना कंटेनरच आणून टाकू' असा विचार पुढे येतो. विटा नकोत, वाळू नको, गवंड्याची मनधरणी नको. क्रेनने उतरवला की घर तयार!

मध्यंतरी एका शेतकरी गृहस्थांनी मला विचारले, "डॉक्टरसाहेब, आईला गावात करमत नाही. शेतातच राहते म्हणते. जुना कंटेनर मिळतोय. तिला तिथं ठेवू का?" हा प्रश्न इंजिनियरला विचारायचा, डॉक्टरला नव्हे, असे कुणी म्हणेल. पण माणूस जिथे झोपतो त्या जागेचा त्याच्या प्रकृतीशी औषधांपेक्षाही जवळचा संबंध असतो. म्हणून या आठवड्यात हा विषय.

मुळात ही पेटी कशासाठी?

कंटेनरचा जन्म माणसांसाठी नव्हे, मालासाठी झाला. अमेरिकेतील माल्कम मॅक्लीन या वाहतूक व्यावसायिकाने २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' या जहाजावर ५८ कंटेनर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले आणि जगाच्या व्यापाराची रीतच बदलली. आपल्या राज्यात १९८९ साली सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर हे कंटेनरचे मोठे केंद्र. समुद्रावरची नोकरी संपली की या पेट्या भंगारात किंवा जुन्या मालाच्या बाजारात येतात.

लहान कंटेनर २० फूट लांब, ८ फूट रुंद आणि साडेआठ फूट उंच असतो. आतली जागा दीडशे चौरस फुटांच्या आसपास. रिकाम्या पेटीचे वजन दोन टनांहून अधिक, भिंतीचा पत्रा मात्र जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा. सगळा भार चार कोपऱ्यांच्या खांबांवर असतो.

अशा पेट्यांपासून लंडनमध्ये २००१ साली 'कंटेनर सिटी' उभी राहिली. कतारमध्ये २०२२ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेसाठी ९७४ कंटेनर वापरून स्टेडियम बांधले गेले. शेजारच्या तेलंगणात मुलुगू जिल्ह्यातील जंगलातल्या वस्त्यांसाठी २०२४ साली कंटेनरमध्ये दवाखाना आणि शाळा सुरू झाली. पक्के बांधकाम करणे अवघड असलेल्या ठिकाणी कंटेनर उपयोगी पडतो, हे यावरून दिसते. तेव्हा कंटेनरला सरसकट नावे ठेवण्याचे कारण नाही.

एक खुलासा मात्र हवा. आपल्याकडे बाजारात मिळणाऱ्या तयार केबिनलाही लोक कंटेनरच म्हणतात. तिच्या भिंतीत दोन पत्र्यांच्या मधे फोम भरलेला असतो, त्यामुळे ती कमी तापते. जहाजावरून आलेल्या जुन्या कंटेनरला असे अस्तर नसते. विकत घेताना कोणती वस्तू घेतो आहोत हे आधी पाहावे.

भूकंपाचा मुद्दा

आपल्या जिल्ह्यात कंटेनरच्या बाजूने एक वजनदार मुद्दा आहे. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी ४.५ तीव्रतेचा आणि लगेच काही मिनिटांनी ३.६ तीव्रतेचा धक्का बसला. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. दोन्ही वेळा केंद्रबिंदू कळमनुरी तालुक्यात होता. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसरातले जमिनीखालचे आवाज तर आपल्याला नवे नाहीत. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हजारो माणसे गेली, ती प्रामुख्याने दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदे अंगावर कोसळल्यामुळे. २०२४ च्या धक्क्यांनंतर नांदेड जिल्हा प्रशासनाने पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून टाकण्याचे आवाहन केले होते, ते याच कारणाने. चांगल्या पायावर नीट जखडलेला कंटेनर भूकंपात माणसाच्या अंगावर ढासळत नाही. हा गुण मोठा आहे.

पण भूकंप क्वचित येतो. उन्हाळा दरवर्षी येतो.

खरा शत्रू उष्णता

विटेपेक्षा पोलाद कित्येक पटींनी जास्त वेगाने उष्णता आत पोचवते. मराठवाड्यात मे महिन्यात सावलीत पारा ४२-४३ अंशांवर असतो, तेव्हा उन्हातला पत्रा सहज ६० अंशांच्या पुढे जातो. आतल्या माणसाला मग दोन बाजूंनी मार बसतो. आतली हवा तापतेच, शिवाय तापलेले छत आणि भिंती चुलीसारखी धग थेट अंगावर फेकतात. पंखा लावला तरी गरम हवाच फिरते. आतली हवा ४० अंशांच्या वर गेली, की पंखा शरीर थंड करण्याऐवजी तापवतो. कूलर उपयोगी पडतो, पण हवा बाहेर जायला समोर खिडकी हवी. बंद पेटीत कूलर लावला की दमटपणा वाढतो, घाम सुकत नाही आणि जीव अधिकच घाबरा होतो.

किल्लारीनंतर पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत राहिलेल्यांना हा अनुभव नवा नाही. आपल्याकडेही पत्र्याच्या घरांत हजारो कुटुंबे राहतात. त्यामुळे पुढचा मजकूर त्यांनाही तितकाच लागू आहे.

उन्हाळ्यात माझ्याकडे तान्ही बाळे येतात. आई सांगते, "दुपारी ताप चढतो, रात्री उतरतो." तपासावे तर घसा स्वच्छ, छाती स्वच्छ. घर विचारले की पत्र्याचे निघते, आणि बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळलेले. अशा काही बाळांचा ताप दुपटे सोडून, अंग ओल्या फडक्याने पुसून आणि वारंवार अंगावर पाजून तासाभरात उतरतो. मात्र हे निदान घरी करू नये. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर लगेच डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

म्हाताऱ्या माणसांची अडचण वेगळी. वयाबरोबर तहान कमी लागते, घाम कमी येतो. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, किंवा मानसिक आजाराची काही औषधे चालू असतील, तर उष्णता अधिक बाधते. म्हणून त्या शेतकऱ्याला मी सांगितले, की नुसता उघडा कंटेनर असेल तर उन्हाळ्याचे तीन महिने आईला तिथे दुपारी ठेवू नका. लिंबाच्या सावलीत, वरून दुसरे छप्पर टाकून, दोन्हीकडे खिडक्या काढून देणार असाल आणि हाकेच्या अंतरावर माणूस असेल, तर खुशाल ठेवा. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

दिसत नाहीत असे धोके

जुन्या कंटेनरच्या तळाला सुमारे २८ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड असते आणि त्याला कीड लागू नये म्हणून पुष्कळदा कीटकनाशक पाजलेले असते. शिवाय मालाला कीड लागू नये म्हणून आत विषारी वायूची धुरी दिली जाते. पूर्वी आत कोणता माल होता, काही सांडले होते का, हेही पाहावे. दारावरच्या धातूच्या पट्टीवर लाकडाला कोणती प्रक्रिया केली त्याची नोंद असते, ती वाचून घ्यावी. उग्र वास येत असेल तर तो कंटेनर राहण्यासाठी घेऊ नये. घेतल्यावर काही दिवस दारे सताड उघडी ठेवावीत आणि जुने प्लायवूड काढून नवे तळ करावे.

जुन्या रंगात शिसे किंवा क्रोमियमचे क्षार असू शकतात. खिडकीसाठी पत्रा कापताना, घासताना किंवा वेल्डिंग करताना त्याची धूळ व धूर छातीत जातो. हे काम उघड्यावर, तोंडाला चांगला मास्क लावून आणि मुलांना दूर ठेवून करावे.

कंटेनरचे मूळ दार फक्त बाहेरून बंद होते, आतून उघडत नाही. खेळताना मूल आत अडकले तर उन्हात काय होईल, हे सांगायला नको. आतून उघडणारे वेगळे दार बसवल्याशिवाय कुणालाही आत झोपू देऊ नये.

आत चूल, शेगडी किंवा जनरेटर कधीही लावू नये. कोंदट जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो.

विजेची तार सोलली आणि पत्र्याला लागली तर सारी खोलीच करंट मारते. चांगले आर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच हवाच. हिवाळ्यात छताला आतून दव धरते, ते ठिबकते आणि बुरशी येते. दमेकऱ्यांना ती बाधते. आणि एकाच दाराच्या कोंदट खोलीत पाच-सहा मजूर दाटीने झोपले, तर त्यांतल्या एकाचा क्षय सर्वांना लागायला वेळ लागत नाही.

काय करावे

१. कंटेनरच्या वर फूट-दीड फूट मोकळी जागा सोडून दुसरे छप्पर करा. पत्रा नसेल तर तुराट्या-पऱ्हाट्यांचा मांडवही चालतो, पण चुलीपासून दूर.

२. छताला बाहेरून पांढरा रंग किंवा चुना द्या. हा सर्वांत स्वस्त उपाय साध्या पत्र्याच्या घरालाही चालतो.

३. लांब बाजू उत्तर-दक्षिणेला येतील असे ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे ऊन कमी लागते. समोरासमोर खिडक्या काढा, त्यांना जाळी लावा. मोठी भगदाडे पाडायची तर लोखंडी चौकट जोडून घ्या.

४. आतून अस्तर लावताना लवकर पेट घेणारा थर्माकोल उघडा ठेवू नका.

५. थंडाव्यासाठी कंटेनर जमिनीत पुरू नका. त्याच्या भिंती मातीचा दाब सोसत नाहीत.

उष्माघात ओळखा

अशा खोलीत कुणी असंबद्ध बोलू लागले, चक्कर येऊन पडले, झटके आले आणि अंग चटका बसावा इतके तापले, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरीही. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत थांबू नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. बर्फ असेल तर मान, काखा व जांघांत ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे काम करत नाही. शुद्धीवर असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजा.

ठेकेदार मंडळींना एक विनंती. मजुरांना कंटेनरमध्ये ठेवता, तेव्हा वरचे छप्पर, दुसरे दार आणि समोरासमोर दोन खिडक्या एवढे तरी करा. मालासाठी केलेली पेटी माणसाला द्यायची, तर तिच्यात माणसाच्या गरजेचे चार बदल करावेच लागतील.