यंत्रहाताला डोळा देताना

प्रवराकाठच्या कोल्हार परिसरात वाढणाऱ्या मुलामुलींना हातांच्या कष्टांची निराळी ओळख करून द्यावी लागत नाही. ऊसतोड, फळबागेतील छाटणी, वीटभट्टी यांतील श्रम त्यांनी जवळून पाहिलेले असतात. म्हणूनच टेबलावर बसवायचा छोटा यंत्रहात त्यांना लवकर आपलासा वाटतो. मात्र हा हात मुळात दृष्टिहीन असतो. त्याच्या वर कॅमेरा कसा बसवावा, हे येथे सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

हौशी मंडळींच्या परिचयाचा सो-१०१ हा हात घ्या. त्याचे आराखडे सर्वांसाठी खुले आहेत. भाग थ्रीडी प्रिंटरवर तयार करता येतात आणि पाच सांधे व एक चिमटा यांसाठी ६ मोटारी लागतात. आपला सांधा किती अंश वळला हे प्रत्येक मोटारीला कळते. समोरची वस्तू कोठे आहे हे कळत नाही. कॅमेरा मनगटावर बसवल्यास वस्तू जवळून दिसते, परंतु हाताबरोबर दृश्यही हलते. वर बसवल्यास संपूर्ण टेबल दिसते आणि दृश्य स्थिर राहते. उणीव एवढीच की, चिमटा खाली उतरताना हातच वस्तूला झाकतो. म्हणून वस्तूची जागा त्यापूर्वीच टिपून घ्यावी लागते.

उंची गणिताने ठरते. कॅमेऱ्याचा आडवा दृष्टिकोन ६० अंश असेल आणि तो टेबलापासून ६० सेंमी उंच असेल, तर सुमारे ६९ सेंमी रुंदीचा भाग दिसतो. चित्राच्या रुंदीत ६४० ठिपके असल्यास एक ठिपका म्हणजे साधारण १ मिमी. कॅमेरा आणखी वर नेला तर टेबल अधिक दिसेल, पण बारकावा कमी होईल.

आम्ही प्रथम कॅमेऱ्याचा स्टँड शेजारच्या स्टुलावर ठेवला होता. सकाळी खोली झाडताना स्टूल बोटभर सरकले. त्या दिवशी चिमटा प्रत्येक वेळी वस्तूच्या शेजारी, रिकाम्या जागी मिटू लागला. विद्यार्थी मोटारी उघडून बसले. दोष हातात नव्हता. पाहणाऱ्याची जागा बदलली होती. इतिहास शिकवताना आम्ही हेच सांगत आलो आहोत की, नोंद वाचण्यापूर्वी ती कोणी, कोठून पाहून केली हे तपासावे. त्यानंतर आम्ही हात आणि लोखंडी अँगलचा स्टँड एकाच जाड फळीवर घट्ट बसवले. वायर स्टँडला बांधली. खिडकीचे ऊन आणि पंख्याची फिरती सावली टेबलावर पडणार नाही, अशी जागा निवडली.

यानंतर जुळणी. टेबलावर मोजलेल्या अंतरावर चार खुणा करून त्या चित्रात कोणत्या ठिपक्यांवर येतात, हे संगणकाला सांगावे लागते. त्यावरून तो ठिपक्यांचे सेंटिमीटर करतो. पण हे माप टेबलाच्या पृष्ठभागापुरतेच खरे असते. कॅमेऱ्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून २० सेंमी दूर ठेवलेल्या ३ सेंमी उंच वस्तूचा माथा सुमारे १ सेंमी बाहेर सरकलेला दिसतो. ही उंची हिशेबात न धरल्यास चिमटा चुकतो.

हा खटाटोप कशासाठी? १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवरील आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्रविरोधी विचारसरणीचे खंडन केले. दोष यंत्राचा नसून, त्याचा लाभ मोजक्यांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, आणि यंत्रामुळे मिळणाऱ्या फुरसतीवाचून माणसाचा विकास नाही, अशी त्यांची मांडणी होती. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही गटारात उतरून माणसे मरतात, आणि ती कोणत्या वस्त्यांतून आलेली असतात हे आपण जाणतो. केरळमधील तरुण अभियंत्यांनी बनवलेले ‘बँडिकूट’ हे यंत्र २०१८ मध्ये तिरुवनंतपुरम येथे मॅनहोल सफाईसाठी वापरात आले. त्यात यंत्राचा हात आणि कॅमेरा खाली उतरतात. माणूस वर उभा राहून पडद्यावर पाहत काम करतो.

आमच्या फळीवरचा हात आज बाटलीचे झाकण उचलून डब्यात टाकतो, एवढेच. परंतु गटारात माणसाऐवजी यंत्र उतरवण्याची विद्या याच मोजमापापासून सुरू होते. धम्म ‘एहिपस्सिको’ आहे, ये आणि पाहा असे म्हणतो. आमच्या मुलांनी त्या टेबलाजवळ यावे, स्वतः मोजावे, चूक कोठे झाली ते स्वतः पाहावे, हीच सदिच्छा.