टॅब उघडे, मजकूर विस्मरणात

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याच्या संगणकावर रात्री उशिरा दृष्टी टाकल्यास ब्राउझरच्या माथ्यावर तीस-चाळीस टॅब एकमेकांना खेटून उभे असलेले दिसतात. त्यांची शीर्षकेही वाचता येत नाहीत. यातील प्रत्येक पान 'नंतर वाचू' म्हणून उघडे ठेवलेले असते, आणि परीक्षा जवळ आली तरी ते 'नंतर' बहुधा उजाडत नाही.

एका वेळी अनेक पाने पाहता यावीत, यासाठी टॅबची सोय झाली. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ती २००६ साली आली. ऑपेरा व फायरफॉक्समध्ये त्यापूर्वीच होती. पुढे मात्र टॅबची पट्टी हीच राहिलेल्या कामांची यादी बनली. बंद केलेले पान पुन्हा हाती लागणार नाही, ही भीतीही त्यामागे असते. अशा वेळी बुकमार्क हा उपाय वाटतो खरा. पण ते दिवाणखान्यातील अडगळ माळ्यावर टाकण्यासारखेच आहे.

खरा प्रश्न आहे तो वाचलेले किती उरते याचा. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले व १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठ केलेली यादी एका दिवसानंतर पुन्हा शिकताना मूळ श्रमांपैकी सुमारे एक तृतीयांश श्रमच वाचत. महिन्यानंतर ही बचत एक पंचमांशाच्या आसपास येई. अर्थपूर्ण मजकूर इतक्या झपाट्याने पुसला जात नाही. तरीही विस्मरणाचा वेग प्रारंभीच सर्वाधिक असतो, हे सूत्र महत्त्वाचे.

म्हणून पान वाचून होताच त्याचा सारांश स्वतःच्या शब्दांत दोन-तीन ओळींत लिहावा, त्याखाली पानाचा पत्ता नोंदवावा आणि टॅब मिटावा. मजकूर जसाच्या तसा उतरवून ठेवणे म्हणजे टिपण नव्हे. त्यानंतर टिपणाचा प्रश्न करावा. उदाहरणार्थ, ७३ व्या घटनादुरुस्तीने कोणती अनुसूची जोडली आणि तीत विषय किती? उत्तर : अकरावी, २९ विषय. दुसरा प्रश्न ७४ व्या दुरुस्तीचा : बारावी, १८ विषय. दोन्ही दुरुस्त्या १९९३ मध्ये अमलात आल्या; त्यामुळे त्यांची गल्लत सहज होते.

हे प्रश्न उद्या, मग तीन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने स्वतःला विचारावेत. उत्तर आठवल्यास अंतर वाढवावे, चुकल्यास पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी. उत्तर पाहण्यापूर्वी ते आठवण्याचा प्रयत्न आवश्यक आहे. नुसते टिपण वाचत राहिल्यास येत असल्याचा भास तेवढा होतो. सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ मध्ये यासाठी कप्प्यांच्या पेटीची पद्धत मांडली. २००६ पासून उपलब्ध असलेले 'आंकी' हे सॉफ्टवेअर उजळणीच्या तारखा आपोआप ठरवते. साध्या वहीवरही काम भागते.

अर्थात, प्रत्येक पान इतक्या श्रमांना पात्र नसते. रेल्वेचे वेळापत्रक किंवा फ्रीजच्या किमती पाठ करण्याचे कारण नाही. आज चाळीस टॅब उघडे असतील, तर ते सारे आजच्या तारखेच्या एका फोल्डरमध्ये साठवून बंद करावेत आणि उद्या जी पाने आठवणीने शोधावीशी वाटतील, तेवढीच पुन्हा उघडावीत.