न विझलेला दाह

भाताच्या कापणीत विळा बोटाला लागला की दुसऱ्या दिवशी ते बोट लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सेल्सस या रोमन लेखकाने हीच चार लक्षणे लिहून ठेवली : रुबोर, तुमोर, कालोर, दोलोर. सेमिनरीत लॅटिन घोकले, त्याचा उपयोग कधी आरोग्याच्या पानावर होईल असे आम्हांला वाटले नव्हते.

या दाहाच्या खुणा. दाह मुळात आपला वैरी नव्हे. जखमेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धावतात, जंतू गिळतात, मेलेला भाग साफ करतात. काम झाले की दाह ओसरतो.

परंतु पाखरे उडून गेली तरी राखणदार गोफण फिरवीतच राहिला, तर दगड कणसांनाच लागणार! जुनाट दाहात असेच होते. त्यात पुष्कळदा ठणका नसतो, तापही नसतो, म्हणून वर्षानुवर्षे तो कळत नाही.

कारणे बहुतेक घरातलीच. विडी, चुलीचा धूर, पोटावरची चरबी. ही चरबी नुसती साठवण नव्हे, ती दाह वाढविणारी द्रव्ये रक्तात सोडते. आणि हिरड्या. मिश्री लावताना रक्त येते, ते 'वयामुळे' म्हणून आमच्या भगिनी सोडून देतात. मिश्रीने दात घट्ट होतात ही समजूत चुकीची आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरड्यांचा जुना दाह मधुमेह आवरू देत नाही आणि मधुमेह हिरड्या आणखी बिघडवतो. हिरड्यांवर नीट उपचार केल्यास रक्तातील साखर थोडी उतरते, असे दिसून आले आहे.

हृदयाचेही तसेच. रक्तवाहिनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल साचते, तेथे पांढऱ्या पेशी शिरतात आणि दाह धुमसत राहतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवरील चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. कॅनाकिनुमॅब या औषधाने कोलेस्टेरॉल न उतरवता केवळ दाह कमी केला. मध्यम मात्रेत झटका, पक्षाघात व हृदयविकाराचे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले. मात्र जंतुसंसर्गाने दगावणारे वाढले. राखणदाराला बांधून ठेवणेही परवडत नाही.

आमची खरी काळजी आहे ती बाजाराच्या दिवशी आणलेल्या सुट्या गोळ्यांची. सांधे धरले की कागदात बांधलेल्या दोन-तीन गोळ्या घ्यायच्या, आणि दोन दिवसांत माणूस पुन्हा बांधावर! अशा पुडीत कित्येकदा स्टिरॉइड असते. ते दाह झटकन दाबते, पण पुढे साखर वाढवते, हाडे ठिसूळ करते. वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या तर मूत्रपिंडे बिघडू शकतात. सकाळी दोन्ही हातांची बोटे तासभर आखडत असतील, सुजत असतील, तर तो संधिवात असू शकतो. लवकर उपचार झाले तर सांधे वाकडे होण्यापासून पुष्कळ वाचतात. हळद भाजीत जरूर घाला, पण या दुखण्यात तिच्यावर विसंबू नका.

डॉक्टरांकडे जाताना उरलेली गोळी बरोबर न्या. महिनोन्‌महिने घेत असाल तर ती एकाएकी बंद करू नका, त्यानेही जिवावर बेतू शकते. मात्रा कशी उतरवायची ते डॉक्टर सांगतील.