किक आणि बेसचं भांडण कसं मिटवायचं? साइडचेन कम्प्रेशन सोप्या भाषेत



गेल्या स्नेहसंमेलनात चौथीच्या मुलांच्या लेझीमसाठी मी लॅपटॉपवर स्वतः ट्रॅक तयार केला होता. हेडफोनवर छान वाटला. पण मैदानात मोठे स्पीकर लागले आणि नुसता घुमघुमाट! ठोका कुठे पडतोय तेच मुलांना कळेना. अर्धी रांग पुढे, अर्धी मागे. मुलं रडवेली झाली. चूक त्यांची नव्हती, माझ्या मिक्सिंगची होती. ती कशी सुधारायची ते आज पाहूया.

असं का होतं?

किक म्हणजे ड्रमसेटमधला पायाने वाजवायचा मोठा ड्रम. त्याच्या आवाजाचा मुख्य जोर साधारण ५० ते १०० हर्ट्झच्या आसपास असतो. बेस गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झला वाजते. म्हणजे दोघांची वस्ती एकाच गल्लीत! एकदम वाजले की एक दुसऱ्याला झाकतो. मग आपण दोघांचा आवाज वाढवतो आणि गोंधळ आणखी वाढतो.

साइडचेन म्हणजे काय?

आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की त्याला दाबतो तो कम्प्रेसर. साधा कम्प्रेसर ज्या आवाजावर लावलाय, त्याचंच ऐकतो. साइडचेनमध्ये तो बसतो बेसवर, पण ऐकतो किकचं. किक वाजली की बेस क्षणभर खाली, किक संपली की परत वर. बाई बोलायला लागल्या की वर्गातली कुजबुज थांबते आणि बाई थांबल्या की पुन्हा सुरू होते, अगदी तसंच!

चार बटणं लक्षात ठेवा

१. थ्रेशोल्ड : किक किती जोरात वाजल्यावर काम सुरू करायचं ती पातळी.

२. रेशो : किती दाबायचं ते प्रमाण. समजा रेशो ४:१ आहे आणि किक थ्रेशोल्डच्या ८ डेसिबल वर गेली. ८ भागिले ४ म्हणजे २. मग ८ वजा २, बेस ६ डेसिबलने खाली येईल. सुरुवातीला ३ ते ६ डेसिबल पुरे.

३. अटॅक : किती लवकर दाबायचं. १ ते ५ मिलिसेकंद ठेवून बघा. उशीर झाला तर किकचा पहिला ठोका बेसखाली दबतो.

४. रिलीज : किती वेळात सोडायचं. इथे गणित कामी येतं. लय मिनिटाला १२० ठोक्यांची असेल तर ६० भागिले १२०, म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला एक ठोका. पुढच्या ठोक्याआधी बेस परत यायला हवा. म्हणून १०० ते २०० मिलिसेकंदांपासून सुरुवात करा.

जास्त दाबलं तर बेस हापसल्यासारखा वरखाली होतो. एरिक प्रिड्झच्या २००४ सालच्या 'कॉल ऑन मी'मध्ये हा परिणाम मुद्दाम वापरलाय. नाचाच्या त्या प्रकारात तो शोभतो, पण लेझीमला नको.

शेवटी एक काम नक्की करा. ट्रॅक ज्या स्पीकरवर वाजणार आहे, त्यावर आधी ऐका. मी तोच ट्रॅक सुधारून शाळेच्या स्पीकरवर लावला. मुलांना काही सांगावं लागलं नाही, पावलं आपोआप ठोक्यावर पडली.

करून बघा.