गाडी चालवताना फोन वापरल्यास विम्याचा हप्ता वाढतो का?

सिग्नल सुटतो, फोन वाजतो, नजर खाली जाते आणि पुढच्या गाडीला धक्का बसतो. ताशी ६० किमी वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत सुमारे ३३ मीटर पुढे जाते. तेवढा रस्ता चालकाने पाहिलेलाच नसतो.

कायदा काय सांगतो?

२०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानंतर वाहन चालवताना हातात फोन धरून वापरणे कलम १८४ नुसार धोकादायक वाहनचालनात मोडते. लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने फक्त रस्ता पाहण्यासाठी फोन वापरण्यास २०२० च्या नियमांनी मुभा दिली.

चलानामुळे हप्ता वाढतो का?

थर्ड पार्टी विम्याचा दर सरकार ठरवते. खासगी कारसाठी तो इंजिनाच्या क्षमतेनुसार असतो, चलानांवर नाही. वाहतूक नियम मोडणाऱ्यांचा हप्ता वाढवावा, असा प्रस्ताव विमा नियामक 'इर्डा'च्या कार्यगटाने २०२१ मध्ये मांडला होता. २०२२ मध्ये इर्डाने वाहन चालवण्याच्या पद्धतीवर हप्ता ठरवणाऱ्या ऐच्छिक कव्हरला परवानगी दिली.

मग खरा फटका कुठे बसतो?

तो बसतो 'नो क्लेम बोनस'मध्ये. क्लेम न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या (ओन डॅमेज) हप्त्यावर दरवर्षी २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के सूट मिळते. एक क्लेम केला की ही सूट शून्यावर येते.

समजा, ओन डॅमेजचा मूळ हप्ता १०,००० रुपये आहे आणि ५० टक्के सुटीमुळे ५,००० रुपयेच भरावे लागतात. क्लेमनंतर मूळ हप्ता तेवढाच राहिला, तर पुढची पाच वर्षे अनुक्रमे १०,०००, ८,०००, ७,५००, ६,५०० आणि ५,५०० रुपये भरावे लागतील. म्हणजे एकूण १२,५०० रुपये जास्त.

काय करावे?

दुरुस्ती किरकोळ असेल तर क्लेमआधी हा हिशेब मांडावा. अनेकदा खर्च खिशातून करणे स्वस्त पडते. 'एनसीबी प्रोटेक्शन' हे जादा कव्हर घेतले असल्यास अटींनुसार सूट टिकते. मात्र सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे निघण्यापूर्वीच रस्ता लावून घेणे आणि फोन आलाच तर गाडी सुरक्षित जागी थांबवून बोलणे. गेलेली सूट पाच वर्षांत परत मिळते. धडकेत गेलेला जीव मिळत नाही.