दातांवरचे डाग आणि बोअरचे पाणी

परवा एक आई मुलाला घेऊन आली. "डॉक्टर, हा दातच नीट घासत नाही हो!" पाहिले तर समोरच्या दातांवर खडूसारखे पट्टे, मधे तपकिरी डाग. पोर बिचारे रोज घासत होते. घरच्या बोअरचे पाणी तपासले, तर फ्लोराइड जास्त निघाले.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे ही तक्रार जुनीच. थोडे फ्लोराइड दात किडू देत नाही. पण लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर गेले, की जबड्यात घडणारा दातच डागाळू लागतो. वर्षानुवर्षे फारच जास्त पोटात गेले, तर हाडेही आखडतात. पाणी उकळून उपयोग नाही. आटल्याने प्रमाण उलट वाढते.

मुलाचे डाग घासून जाणार नाहीत. धाकटी बहीण ३ वर्षांची, तिचे पक्के दात अजून घडताहेत. तिचे पिण्याचे पाणी त्याच दिवशी बदलायला सांगितले.